जुन्या गाडीच्या दाराचं बाहेरचं हँडल बदलताना: आधी लॅच, मग हँडल

जुन्या गाडीचं बाहेरचं हँडल सहसा एका दिवसात तुटत नाही. आधी काही महिने दार जड लागत असतं. उघडताना दोनदा ओढावं लागतं, पावसाळ्यात तर जास्तच. मग कुणीतरी घाईत हिसका देतं आणि प्लास्टिकची पट्टी हातात येते. नवं हँडल आणून बसवलं की काम झालं असं वाटतं, पण थोड्याच दिवसांत तेही तसंच तुटतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार. हँडल म्हणजे नुसती तरफ. दार धरून ठेवण्याचं आणि सोडण्याचं खरं काम दाराच्या कडेत बसलेलं लॅच करतं. ते सुकलं, गंजलं की सोडवायला लागणारा सगळा जोर हँडलच्या पातळ प्लास्टिकवर येतो. म्हणून पुढे हँडल बदलण्याची कृती सविस्तर दिली असली, तरी लॅच साफ केल्याशिवाय ती पुरी झाली असं समजू नये.

मुंबईत हे दुखणं लवकर येतं, त्याला कारणं आहेत. हवेत बारा महिने दमटपणा, समुद्राकडून येणारा खार, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने रस्त्याची धूळ. बहुतेक गाड्या सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला उघड्यावरच उभ्या असतात. लॅचमधलं कंपनीचं ग्रीस दहा-पंधरा वर्षांत धुळीशी मिसळून काळा चिकट लगदा होतो. वरून उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. या दोन्ही गोष्टी एकाच हँडलवर भेटतात.

आतून दार उघडतंय ना, मग चालवून घेऊ, असं करू नका. अपघातात किंवा साचलेल्या पाण्यात आतला माणूस भांबावलेला असतो. त्याला बाहेर काढणारा बाहेरच्या हँडललाच हात घालतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं दगावली होती. चारही दारं आतून आणि बाहेरून उघडणं ही किरकोळ बाब नव्हे.

आधी दोष नेमका ओळखा

दार बाहेरून उघडत नाही पण आतून सहज उघडतं: दोष हँडलमध्ये, त्याच्या रॉडमध्ये (हँडलला लॅचशी जोडणारी सळई) किंवा रॉडच्या क्लिपमध्ये. आतूनही उघडत नाही किंवा तिथूनही जड लागतं: दोष लॅचमध्ये किंवा लॉकच्या जोडणीत, आणि नवं हँडल आणण्यात अर्थ नाही. मागचं दार बाहेरून उघडतं पण आतून नाही, तर आधी दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा खटका बघा. सर्व्हिसिंगनंतर किंवा धुताना तो चुकून सरकलेला असतो आणि लोक उगाच पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडून बसतात.

बाहेरची पट्टी शाबूत आहे, पण उचलल्यावर अजिबात जोर लागत नाही, नुसतीच लटपटते? तर हँडल चांगलं असून रॉडची प्लास्टिक क्लिप तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ती क्लिप बोटाच्या पेरापेक्षा लहान असते आणि काही दुकानांत सुटी मिळते. पट्टी उचलल्यावर वरच अडकून राहते, तर परतीची स्प्रिंग गंजून तुटली आहे. पट्टी एका बाजूने तिरकी उठते, तर बिजागरीची पिन किंवा तिचं प्लास्टिकचं कान गेलं आहे. हे कान कोणत्याही गोंदाने टिकत नाही. तिथे जाडी दोन-तीन मिलिमीटरची, आणि प्रत्येक वेळी दार उघडताना ताण नेमका तिथेच येतो. शिवाय ओघळलेला गोंद पिनेत गेला की पट्टी जाम होते.

अजून एक तपासणी, जी फार थोडे लोक करतात. दार अर्धं उघडून मागच्या कडेला हात घाला आणि हलकेच वर उचला. दार खटकन वर-खाली होत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या आहेत. असं दार लटकतं, बंद करताना लॅच स्ट्रायकरवर (चौकटीवरची कडी, जिच्यात लॅच अडकतं) चढून बसतं आणि सुटताना घासत सुटतं. दार बंद करताना उचलून आपटावं लागत असेल तर हेच कारण. अशा वेळी आधी डेंटरकडे बिजागरी ठीक करून घ्या. स्ट्रायकर ठोकून खाली करणं हा उपाय नव्हे. त्याचे स्क्रू सैल करून तो सरकवता येतो, पण ते बिजागरी नीट झाल्यावरच करायचं.

माल आणताना

मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, जुनी सॅन्ट्रो या गाड्यांना वर उचलायच्या पट्टीचं हँडल असतं. पुढची कृती मुख्यतः त्याची आहे. मारुती ८००चं उत्पादन २०१४मध्ये थांबलं असलं, तरी गाड्या इतक्या होत्या की पार्ट मिळतो.

हँडल पुढचं-मागचं वेगळं आणि डावं-उजवंही वेगळं असतं. दुकानात नुसतं ‘झेनचं हँडल द्या’ म्हणून भागत नाही. आरसी बुकावरचं उत्पादनाचं वर्ष आणि मॉडेल, कोणतं दार, आणि शक्य असेल तर जुनं हँडल काढून सोबत, एवढं घेऊन जा. पार्टसाठी ऑपेरा हाऊसचा भाग आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड हे नेहमीचे ठिकाण. भंगारातून काढलेला ओरिजिनल पार्ट हवा असेल तर सीएसटी रोड आणि चोर बाजार. जुना ओरिजिनल घेताना पट्टी वीसेक वेळा उचलून बघा, कानाजवळ पांढरी रेघ दिसते का बघा. ती रेघ म्हणजे प्लास्टिकला पडू लागलेली भेग.

लोकल, म्हणजे कंपनीच्या नसलेल्या मालाबद्दल स्पष्ट सांगायचं तर, पट्टीचं हँडल लोकल घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी दुकानातच जुन्याशी ताडून बघा. पिन धातूची आहे का. आतल्या तरफेचा हात जुन्याइतकाच लांब आहे का आणि त्याचं भोक त्याच जागी आहे का. इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी लॅच अर्धवट सुटतं. आणि बसवायच्या बोल्टचे आटे: जुना नट हाताने फिरवून बघा, तीन-चार फेरे सरळ गेला पाहिजे. चावी लागणारं दार असेल आणि हँडलमध्येच चावीचा सिलिंडर असेल, तर नवीन हँडल नव्या चावीसकट येतं. जुना सिलिंडर नव्यात बदलता येतो का, हे विचारूनच घ्या, नाहीतर एका गाडीला दोन चाव्या सांभाळाव्या लागतात.

बॉडीच्या रंगाचं हँडल हवं असेल तर ते आधी रंगवून मगच बसवा. प्लास्टिकवर आधी प्लास्टिकचा प्रायमर मारावा लागतो. तो चुकवला की रंग पापुद्र्यासारखा निघतो. काळं खरबरीत हँडल रंगवायची गरज नसते. जुन्या गाडीला ते जास्त टिकतं, हेही खरं.

हँडलसोबत या वस्तू घ्या: रॉडची क्लिप १ (डावी-उजवी बघून), हँडलखालचं रबर पॅकिंग २, पॅडच्या प्लास्टिक क्लिपा ६ ते ८, पांढरं लिथियम ग्रीस एक लहान ट्यूब, गंज सोडवणारा स्प्रे एक कॅन, आणि पॅडमागच्या प्लास्टिकसाठी काळी चिकट ब्युटाइल टेप एक गुंडाळी. पॅडच्या क्लिपा हमखास तुटतात. त्या आधीच आणलेल्या बऱ्या, कारण पॅड उघडं टाकून दुकानात जाता येत नाही.

हत्यारं आणि जागा

१०ची गोटी (१० मिलिमीटरचा सॉकेट), सहा इंची एक्स्टेंशन आणि लहान रॅचेट. काही गाड्यांना ८ची गोटी लागते, तीही जवळ असू द्या. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रुंद चपटा स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, टॉर्च, मास्किंग टेप, एक जुना टॉवेल आणि टेलिस्कोपिक लोहचुंबक. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला, किंवा जुन्या मोज्याचा पंजा कापून टाका आणि उरलेला मोजा मनगटापासून कोपरापर्यंत चढवा. दाराच्या आतल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, आणि हात आत घालून काढताना कातडी सोलून निघते.

दार पूर्ण उघडेल अशी जागा हवी. दोन गाड्यांच्या मधल्या बोळात किंवा यांत्रिक पार्किंगच्या मजल्यावर हे काम काढू नका. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन-अडीच तास धरावेत. आणि पाऊस नसलेला दिवस निवडा: पॅड काढलेलं दार भिजलं तर आतलं हार्डबोर्ड फुगतं आणि नंतर क्लिपा धरत नाही.

पॅड काढणं

काच पूर्ण वर घ्या. हे विसरायचं नाही, कारण खाली उतरलेली काच नेमकी हँडलच्या नटांसमोर येते. पॉवर विंडो असेल तर काच वर घेतल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा.

आतल्या हँडलच्या वाटीचा एक स्क्रू आणि हातटेकणीचे दोन स्क्रू काढा. ते बहुधा प्लास्टिकच्या छोट्या टोपीखाली दडलेले असतात. मग काच फिरवायचं हँडल. त्याच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची स्प्रिंग क्लिप असते. ती काढायला वेगळं हत्यार मिळतं, पण सुती चिंधी पुरते. चिंधीची पट्टी हँडल आणि पॅडच्या मधल्या चकतीवर घाला, दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश करताना करतो तशी डावी-उजवी घासत हँडलच्या टोकाच्या दिशेने ओढा. क्लिपेच्या टोकात धागा अडकतो आणि क्लिप उडून बाहेर येते. उडते म्हणून आधी दुसरा हात किंवा टॉवेल समोर धरा. हँडल काढण्याआधी त्याचा कोन मोबाइलवर टिपून ठेवा, म्हणजे बसवताना चारही दारांची हँडलं सारखी दिसतील.

आता पॅडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. रुंद स्क्रू ड्रायव्हरला मास्किंग टेप गुंडाळून पॅड आणि पत्र्याच्या मधे घाला, आणि नेमका क्लिपेजवळच उचका. क्लिपेपासून लांब उचकलं तर हार्डबोर्ड फाटतो. क्लिपा सगळ्या सुटल्या की पॅड सरळ बाहेर ओढू नका; त्याची वरची कड काचेच्या खोबणीवर अडकवलेली असते, म्हणून आधी वर उचला, मग बाहेर घ्या. स्विचच्या तारा असतील तर कनेक्टरची कळ दाबून सोडवा.

मागे पत्र्यावर पॉलिथिनचा कागद चिकटवलेला दिसेल. बरेच मेकॅनिक तो टराटरा फाडतात आणि परत लावतच नाहीत. मुंबईत याची किंमत जूनमध्ये मोजावी लागते. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जाणारच, तशीच रचना आहे. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. हा कागद त्या पाण्याला पॅडकडे येऊ देत नाही. तो गेला की पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात, आणि मग कुबट वास आणि गंजलेला तळ. म्हणून वरच्या मागच्या कोपऱ्यातून, हँडलच्या बाजूने, हळूहळू सोलवा. लागेल तेवढाच अर्धा उघडा आणि टेपने बाजूला धरून ठेवा. काळा डिंक फार घट्ट असेल तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या.

जुनं हँडल काढणं

बाहेरून हँडलभोवती मास्किंग टेपचे दोन थर लावा. आत दाराच्या तळाशी टॉवेल कोंबा, म्हणजे निसटलेला नट खोल जाणार नाही. चुंबक त्यासाठीच आहे, पण टॉवेल असला की त्याची गरजच पडत नाही.

टॉर्च लावून हँडलची मागची बाजू बघा आणि दोन-तीन फोटो काढा. हँडलच्या तरफेपासून एक रॉड खाली लॅचपर्यंत उतरलेला दिसेल. चावीच्या सिलिंडरचा असेल तर आणखी एक. कोणता कुठे जातो हे फोटोत नीट दिसलं पाहिजे.

रॉडची क्लिप ओढून काढायची नसते, ती फिरवून सोडवायची असते. तिचा एक कान रॉडवर चेपून बसलेला असतो. नोज प्लायरने तो कान रॉडवरून बाजूला फिरवा, मग रॉडचं काटकोनात वळलेलं टोक भोकातून आडवं सरकवून काढा. जुनी क्लिप उन्हाने कडक झालेली असते, तुटली तर तुटू द्या, नवी आहेच. रॉड मात्र वाकवू नका. अर्धा सेंटिमीटर वाकला तरी त्याची लांबी बदलते आणि पुढचं सगळं बिघडतं.

आता १०च्या गोटीने दोन नट सोडवा. एक समोर दिसतो, दुसरा पत्र्याच्या भोकातून हात आणि एक्स्टेंशन आत घालून चाचपत शोधावा लागतो. गोटीत ग्रीसचा ठिपका लावला की सुटलेला नट गोटीतच राहतो. नट गंजून धरला असेल तर स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. घाईत जोर केला तर बोल्ट फिरू लागतो आणि मग प्लास्टिक कापावं लागतं. मागच्या दारात काच जिच्यात सरकते ती उभी पट्टी कधी आड येते. तिचा खालचा बोल्ट काढून पट्टी बाजूला सरकवली की हात जातो. काही गाड्यांत दाराच्या कडेवर रबराचा गोल बूच असतो आणि एक नट तिथूनच निघतो, म्हणून आधी तिकडे बघा.

हँडल बाहेरून अलगद काढा. ते निघाल्यावर भोकाच्या कडेवर नखाने खरवडून पाहा. रंग फुगलेला किंवा तांबूस असेल तर आत्ताच बारीक पॉलिश पेपरने घासून, कापडाने पुसून, प्रायमरचा हात द्या आणि वाळू द्या. ही जागा पुन्हा वर्षानुवर्षं दिसणार नाही आणि खाऱ्या हवेत गंज इथूनच पसरतो.

चावीचा सिलिंडर हँडलमध्ये असेल तर जुन्यातून नव्यात घालताना चावी सिलिंडरमध्येच ठेवा. मागची छोटी क्लिप आणि तरफ काढल्यावर चावी नसेल तर आतला गाभा सरकून येतो आणि पितळी पट्ट्या व केसाएवढ्या स्प्रिंगा विखुरतात. त्या परत त्याच क्रमाने लागल्या नाहीत तर चावी फिरत नाही. सिलिंडरमध्ये तेल घालू नका, धूळ चिकटते. ग्राफाइटची पूड चिमूटभर पुरते.

लॅच: सगळं काम इथे आहे

दार उघडंच ठेवा. लॅचच्या तोंडात नखासारखा आकडा दिसतो. जाड स्क्रू ड्रायव्हरने तो आत दाबा: पहिला ‘टक्’ म्हणजे अर्धं बंद, दुसरा ‘टक्’ म्हणजे पूर्ण बंद. आता दाराच्या आत लॅचच्या ज्या तरफेला रॉड जोडलेला आहे, ती बोटाने दाबा किंवा उचला. आकडा झटकन, स्वतःच्या स्प्रिंगने उघडला पाहिजे. सावकाश उघडला, अर्ध्यात अडला किंवा तरफेला अंगठ्याने चांगलाच जोर द्यावा लागला, तर हँडल का तुटलं ते कळलंच.

लॅच काढायची सहसा गरज नसते. स्प्रेची नळी आकड्याच्या फटीत घालून भरपूर मारा, दहा मिनिटं थांबा, आकडा वीस-पंचवीस वेळा बंद-उघड करा, खालून येणारं काळं पाणी चिंधीने पुसा. पुन्हा मारा. गळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा करावं लागतं. जुन्या टूथब्रशने स्ट्रायकरही घासा. मग पांढरं ग्रीस वाटाण्याएवढं आकड्यावर, तेवढंच तरफेच्या सांध्यावर. स्प्रे मारून तिथेच थांबण्याची चूक सर्रास होते. तो स्प्रे साफ करतो, पण वंगण म्हणून टिकत नाही. काही आठवड्यांत उडून जातो आणि जुनं ग्रीसही धुतलं गेलेलं असल्यामुळे लॅच पहिल्यापेक्षा कोरडं होतं. बेअरिंगचं जाड काळं ग्रीसही इथे नको, धुळीने त्याचा पुन्हा लगदा होतो.

एवढं करूनही आकडा आळशी असेल तर आतली स्प्रिंग गेली आहे. दाराच्या कडेवरचे तीन फुलीचे स्क्रू काढून लॅच बदलावं. हे स्क्रू फार घट्ट असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने फुली खराब होते, म्हणून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा किंवा गॅरेजवाल्याकडून फक्त तेवढे सैल करून आणा.

नवं हँडल बसवणं

रबर पॅकिंग आधी, मग हँडल. पॅकिंगशिवाय बसवलेलं हँडल पत्र्यावर घासतं, आवाज करतं आणि पाणी आत सोडतं. दोन्ही नट आधी हाताने लावा, हँडल बाहेरून सरळ धरा, मग हाताने घट्ट झाल्यावर गोटीने पाव फेरा. त्याहून जास्त नाही. बोल्ट प्लास्टिकमध्ये किंवा मऊ धातूत बसवलेले असतात, आणि जोर केला की आटे जातात किंवा कान तडकतो. नव्या हँडलचं निम्मं नुकसान इथेच होतं.

पट्टीच्या पिनेला ग्रीसचा ठिपका लावा. नवी क्लिप आधी तरफेच्या भोकात बसवा, मग रॉडचं टोक घाला आणि क्लिपेचा कान फिरवून रॉडवर ‘टक्’ होईपर्यंत चेपा.

आता ढिलाई. पट्टी उचलायला सुरुवात केल्यावर पहिले एक-दोन मिलिमीटर काहीच जोर लागू नये, त्यानंतर रॉड लॅचला लागला पाहिजे. ढिलाई शून्य असेल तर लॅच कायम किंचित दाबलेलं राहतं. दार नीट धरत नाही आणि खड्ड्यात उघडू शकतं. ही सगळ्यात धोकादायक चूक आहे. ढिलाई जास्त असेल तर पट्टी पूर्ण उचलूनही लॅच सुटत नाही, माणूस जोर करतो आणि हँडल पुन्हा तुटतं. बऱ्याच गाड्यांत रॉडच्या टोकाला आटे असलेला प्लास्टिकचा नट असतो, तो फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. एकेक फेरा फिरवून तपासा.

तुटलेल्या क्लिपेच्या जागी तांब्याची तार किंवा केबल टाय बांधण्याची पद्धत आहे. घरी पोचण्यापुरतं ठीक, पण तार घसरून रॉड तिरका झाला की तो लॅचमध्ये अडकतो, आणि मग दार आतूनही उघडत नाही.

दार लावण्याआधी

दार उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरने आकडा दोन टक् आत दाबा आणि नव्या हँडलने सोडवून बघा. दहा वेळा. मग आतल्या हँडलने दहा वेळा. लॉक लावून हँडल उचला, उघडता कामा नये. लॉक काढून उचला, उघडलं पाहिजे. चावीनेही तेच. सेंट्रल लॉकिंग असेल तर बॅटरी जोडून तेही. हे सगळं जमल्यावरच दार बंद करा, आणि काच खाली करून, म्हणजे अडकलंच तर हात आत घालता येईल. काच खाली घेण्यापुरतं फिरवायचं हँडल क्लिपेशिवाय दांड्यावर ठेवलं तरी चालतं. आत कोंबलेला टॉवेल त्याआधी काढायला विसरू नका.

दार आधीच बंद अवस्थेत अडकलेलं असेल, आतूनही आणि बाहेरूनही, तर एकट्याने होत नाही. एकाने बाहेरून कमरेने दार आत दाबायचं, दुसऱ्याने त्याच वेळी आतलं हँडल ओढायचं. दाबल्यामुळे आकड्यावरचा रबराचा ताण उतरतो आणि कोरडं लॅच पुष्कळदा तेवढ्यावर सुटतं. लॉकची कळ वर आहे ना, तेही दोनदा बघा.

ओढायच्या हँडलच्या गाड्या

फोक्सवॅगन, स्कोडा, फोर्ड यांच्या बऱ्याच गाड्यांत मुठीने ओढायचं हँडल असतं आणि त्यासाठी पॅड काढावं लागत नाही. दाराच्या कडेवर, लॅचच्या वरच्या बाजूला, रबराचा बूच असतो. त्यामागचा स्क्रू, बहुधा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) डोक्याचा, फक्त सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. काढला तर आतला भाग दारात पडतो आणि मग पॅड उघडावंच लागतं. स्क्रू सैल झाला की हँडलमागची टोपी किंवा सिलिंडर बाहेर येतो, मग हँडल मागे सरकवून बाहेर फिरवायचं. लॅचचं सगळं वरचंच लागू.

पॅड परत आणि पाण्याची तपासणी

पॉलिथिन पुन्हा चिकटवताना जुना डिंक चिकटत नसेल तिथे ब्युटाइल टेप लावा. खालची कड खास बघा: कागदाचं खालचं टोक मुळात पत्र्याच्या फटीत आत घातलेलं असेल तर तसंच आत घाला, नाहीतर पाणी पॅडच्या बाजूला ओघळेल. फाटलेल्या जागी जाड प्लास्टिकचा तुकडा टेपने जोडा. दाराच्या तळाची छिद्रं जाड तारेने मोकळी करा. त्यांत माती भरलेली असतेच.

पॅडच्या तुटलेल्या क्लिपा बदला. आधी वरची कड अडकवा, मग क्लिपा भोकांसमोर आणून तळहाताने एकेक ठोका. काच फिरवायच्या हँडलला स्प्रिंग क्लिप आधीच बसवून ठेवा आणि मग ते दांड्यावर तळहाताने दाबा, क्लिप स्वतः पकडते. टिपलेला कोन जुळवा.

शेवटी दार बंद करून बाहेरून काचेच्या खालच्या रबरावर बादलीभर पाणी मगाने सावकाश ओता. एक-दोन मिनिटांत तळाच्या छिद्रांतून धार लागली पाहिजे, आणि आत पॅडची खालची कड व पायपुसण्याखालचा गालिचा हाताला कोरडा लागला पाहिजे. ओल लागली तर पॉलिथिन कुठेतरी सुटलं आहे. पॅड पुन्हा उतरवून ती जागा शोधा. स्प्रे आणि ग्रीस हाताशी असतानाच उरलेल्या तीन दारांची लॅचंही साफ करून घ्या, त्यासाठी पॅड काढावं लागत नाही. तुटलेलं हँडल टाकण्याआधी त्याचे नट, स्प्रिंग आणि सिलिंडरची क्लिप काढून डब्यात ठेवा. असे सुटे भाग दुकानात मागितले तर बहुधा अख्खं हँडलच घ्यावं लागतं.